पूर्ण उजेड

"पूर्ण," सर म्हणाले. "उजेड पूर्ण ठेवा. पाहुण्यांसमोर कंजूषी नको."

"पूर्ण म्हणजे अगदी पूर्ण, सर?"

"बाई, 'पूर्ण'च्या आधी 'अगदी' लावायची गरज नसते."

सरांचा तरुण सहायक युवराज हसला. सरांच्या विनोदाला हसणं त्याच्या नेमणुकीच्या अटींत नव्हतं, पण तो ते अटींपेक्षा काटेकोरपणे पाळत असे. म्हणूनच प्रयोगशाळेत सगळे त्याला युवराज म्हणत. सरांना हे टोपणनाव माहीत नव्हतं. युवराजला माहीत होतं आणि आवडतही होतं.

दिवेबाईंनी मान डोलावली. हाच प्रश्न त्यांनी कालही विचारला होता. काल विचारला तो माणुसकी म्हणून. आज विचारला तो साक्षीदार असावा म्हणून. साक्षीदार म्हणून युवराज उत्तम होता, कारण सरांचं वाक्यन् वाक्य त्याला पाठ असे.

"आणि हे बघा," सर कोटाची बाही झटकत म्हणाले, "बोलायचं काम हा करेल. तुम्ही सूक्ष्मदर्शकापाशी बसायचं आणि सांगितलं तेवढं करायचं. जास्त नको, कमी नको."

"सांगितलं तेवढंच करीन, सर."

"शाब्बास."

बाई पन्नाशीच्या पुढे गेल्या होत्या आणि त्यांच्याकडेही सरांच्याइतकीच मोठी पदवी होती. शाब्बास हा शब्द त्यांनी मुकाट्याने पदरात घेतला आणि आपल्या खोलीकडे निघाल्या.

त्यांची खोली म्हणजे सूक्ष्मदर्शकाची खोली. तिला खिडकी नव्हती. दाराला काळा जाड पडदा होता आणि आत यंत्रांना सोसवेल इतकी थंडी. माणसांना सोसवेल की नाही हे कोणी विचारलं नव्हतं. निम्मं आयुष्य बाईंनी या अंधारात हिरवे ठिपके बघण्यात काढलं होतं. कोणता दिवा किती लावायचा हे त्यांना विचारल्याशिवाय ठरत नसे, म्हणून त्या दिवेबाई. प्रयोगशाळेतली नवी मुलं पहिले काही महिने ते त्यांचं आडनावच समजत.

त्या बसल्या आणि त्यांनी कोटाच्या खिशात हात घालून बघितलं. टॉर्च होती. बोटाएवढी, जांभळ्या उजेडाची. नवऱ्याच्या स्टेशनरीच्या दुकानात गल्ल्यापाशी नोटा तपासायला ठेवलेली असे, ती. बाई ती वर्षभर रोज घेऊन येत आणि संध्याकाळी परत नेऊन देत. नवऱ्याने एकदाच विचारलं होतं, "अगं, तुमच्या एवढ्या मोठ्या संस्थेत टॉर्च नाही?" बाई म्हणाल्या होत्या, "आहे ना. तुमची."

---

या टॉर्चचं प्रकरण घरात फक्त सासूबाईंना ठाऊक होतं. सासूबाईंची शाळा चौथीत सुटली होती. पण कोणी कोणाचं काय लाटलं, एवढा विषय असला की त्यांना कुठलंही शास्त्र समजे.

"काजवाच ना तो?" लसूण सोलता सोलता त्यांनी विचारलं होतं.

"काजवा नाही, आई. समुद्रात एक जेलीसारखा प्राणी असतो, त्याच्यात हे पहिल्यांदा सापडलं. प्रथिन आहे. म्हणजे मण्यांची लांब माळ समजा. ती माळ स्वतःच घडी घालून घेते आणि तिचं पिंप होतं. त्या पिंपाच्या मधोमध दिवा. निळा उजेड टाकला की तो हिरवा परत देतो."

"आणि त्याचं करायचं काय?"

"जिवंत पेशीत हजार गोष्टी इकडून तिकडे जातात, आपल्याला दिसत नाहीत. हवी त्या गोष्टीला हा दिवा जोडून द्यायचा. मग ती कुठे जाते, कुठे थांबते, सगळं कळतं."

"मांजराच्या गळ्यात घंटा."

"तसंच."

"आणि ती तू बांधलीस."

"मी बांधली."

"मग मांजर घेऊन मिरवतंय कोण?"

दिवेबाईंनी लसणाची एक पाकळी बोटांतच चिरडली.

घडलं होतं ते असं. दिव्याच्या अगदी शेजारी, पिंपाच्या आत, एक जाडजूड मणी होता. तो दिव्याला दोन्ही बाजूंनी दाबून धरी. बाईंनी तो काढला आणि त्याच्या जागी एक किरकोळ बांध्याचा मणी बसवला. एका मण्याचा बदल, पण त्या मण्यापर्यंत पोचायला त्यांची ऐन उमेदीची वर्षं गेली. कित्येक वेळा पिंपच घडेना, कधी घडलं तर आत दिवा पेटेना. शेवटी एका सकाळी काचेच्या बशीतल्या पेशी अशा हिरव्या उजळल्या, की बाईंनी खुर्ची मागे सरकवली. इतका उजेड त्यांनी जन्मात बघितला नव्हता.

पण दिव्याला खोड होती. अरुंद खाटेवर झोपलेला माणूस हलत नाही. खाट रुंद मिळाली की लोळायला लागतो. शेजारचा जाड्या गेल्यामुळे दिव्याला जागा झाली होती. मंद उजेडात तो शहाण्यासारखा तेवत राही. झगझगीत उजेड टाकला, की आतल्या आत कूस बदले आणि विझे. मेला नाही, करपला नाही, नुसता पाठ करून झोपला. आणि जांभळ्या उजेडाची एक तिरीप दाखवली, की पुन्हा कूस बदलून टक्क जागा.

बाईंनी त्याचं नाव ठेवलं झोपाळू. सरांना सांगायला त्या जवळजवळ पळत गेल्या होत्या.

"सर, हा झोपतो! आणि उठवला की उठतो!"

सर तेव्हा कुठल्यातरी भाषणाच्या तयारीत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, "उजेड किती आहे?"

"फार आहे, सर. पण गंमत ती नाही. गंमत—"

"झोपणारी वस्तू जगात कोणी घेत नाही, बाई. झोपू देऊ नका. आणि ते झोपण्याचं कुठे लिहू नका."

बाईंनी झोपू दिला नाही. सूक्ष्मदर्शकावर जांभळा दिवा होता तोवर त्याने, आणि तो गेल्यावर नवऱ्याच्या टॉर्चने, त्या त्याला उठवत राहिल्या. छायाचित्रं घेताना उजेड अगदी मंद ठेवत, मध्येच थांबून टॉर्च दाखवत, पुन्हा सुरू करत. सूक्ष्मदर्शकाला नवा जांभळा दिवा मागितला तेव्हा सर "आत्ता कशाला?" म्हणाले होते. सरांना दिसत तयार फिल्मा, आणि त्यांत तो तासन्‌तास एकसारखा तेवताना दिसे. म्हणून सरांनी त्याचं नाव ठेवलं 'अढळ'.

अढळवर लेख निघाला. मोठ्या नियतकालिकात, रंगीत मुखपृष्ठासह. लेखकांत पहिलं नाव युवराजचं, शेवटचं सरांचं, मधे बरीच मंडळी. दिवेबाई सापडल्या शेवटी, आभारांत. वातानुकूलन यंत्र वेळेवर दुरुस्त करणाऱ्यांच्या एक ओळ वर, हा त्यातल्या त्यात मान.

त्या सरांकडे गेल्या. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "सर, पहिलं नाव माझं असेल असं तुम्ही म्हणाला होतात."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "असं काही ठरलं होतं? मला आठवत नाही, बाई."

ते खोटं बोलत होते असंही नाही. त्यांना खरंच आठवत नसावं. बाईंना नेमकं तेच लागलं.

सासूबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि सुरी खाली ठेवली. "माझ्या मोठ्या जावेची गोष्ट तुला सांगितली का?"

"कोणती, आई?" जावेच्या गोष्टी पुष्कळ होत्या.

"तिच्या माहेरचे यायचे होते. स्वयंपाक मी करायचा आणि पुढे पुढे तिने करायचं, नेहमीचंच. त्या दिवशी मी सगळं केलं. जिथल्या तिथे. फक्त मीठ विसरले."

"विसरलात?"

"विसरले," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "भर पंक्तीत तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. तोवर सगळ्यांना सांगून बसली होती ना, मीच केलंय म्हणून. मला कोण काय बोलणार? माणूस विसरतं." त्यांनी पुन्हा सुरी उचलली. "हातात काठी घ्यायचीच नाही, अगं. आपलं काम नेमानं करायचं, आणि एक चिमूट कमी करायची."

"मग?"

"मग काय. मीही तेच अळणी जेवले. वेगळं कुठून आणणार?"

बाईंनी त्यातलं चिमूट कमी करण्याचं वाक्य तेवढं लक्षात ठेवलं.

---

पाहुणे तिघे होते. त्यांतले दोघे कुठल्याही समितीत असतात तसे, बिस्किटं संपेपर्यंत उत्साही. तिसऱ्या एक वयस्कर मॅडम होत्या. हातात काठी, पायांत जाड तळाचे बूट, आणि समोरचा बोलत असताना त्याच्या कपाळाकडे बघायची सवय. सरांना संस्थेत एक नवीन केंद्र हवं होतं, स्वतंत्र इमारतीचं, आणि त्या केंद्राचे प्रमुख कोण हे ठरवायलाही समिती लागणार नव्हती. फक्त या मॅडमनी हो म्हणायचं होतं.

सभागृहात युवराजने फिल्म लावायला घेतली, तशी मॅडमनी काठी आपटली.

"फिल्म नको. फिल्मा मीही करते. जिवंत दाखवा."

"अवश्य," सर म्हणाले. "आमची तयारी आहेच."

दिवेबाईंना शेजारच्या खोलीत पडद्यामागे बसल्या बसल्या हे ऐकू आलं. 'आमची' हा सरांचा आवडता शब्द. एखादी गोष्ट साधली की ती आमची असे आणि फसली की तुमची. एवढ्या वर्षांत 'माझी' म्हणायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

सगळे त्या छोट्या खोलीत दाटीवाटीने उभे राहिले. बशी जागेवर होती. बाईंनी सकाळीच टॉर्चने पेशींना नीट उठवून ठेवलं होतं. त्या बाबतीत त्यांनी चिमूटही कमी केली नव्हती. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर अंधार होता.

"सुरू करा, बाई," सर म्हणाले. "पूर्ण."

बाईंनी बटण फिरवलं. पूर्ण.

पडदा हिरवा झाला. नुसता हिरवा नाही. पेशींच्या आतले धागे, धाग्यांवरून सरकणारे कण, सगळं एकदम असं उमटलं, की बिस्किटवाल्या दोघांपैकी एकाच्या तोंडून "अरे वा" निघून गेलं. मॅडम पुढे झुकल्या. काठी त्यांनी काखेत धरली.

"हा आमचा अढळ," सर म्हणाले.

आणि अढळ ढळू लागला.

आधी कडेने. मग मधे. सायंकाळी गावातले दिवे लागत जातात, त्याच्या उलट. युवराजने माहिती सांगायला सुरुवात केली होती. "अत्यंत स्थिर" हे शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडले तेव्हा पडद्यावर थोडासाच हिरवा शिल्लक होता आणि तोही काढता पाय घेत होता.

"उजेड वाढवा," सर हळूच म्हणाले.

"पूर्णच आहे, सर."

"वाढवा हो!"

"पूर्णच्या पुढे नाहीये, सर. अगदी पूर्ण आहे."

अंधारात युवराज हसला नाही. वातानुकूलन यंत्र तेवढं आपलं काम करत होतं. आभार फुकट गेले नव्हते. पडद्यावर आता काहीच नव्हतं. बाईंनी मागे वळून बघितलं नाही, पण सरांचा श्वास त्यांना ऐकू येत होता. जड आणि तोंडाने घेतलेला. एवढी वर्षं वाट बघितली ती या श्वासासाठी. तो ऐकताना त्यांना थंडीत गरम पाण्याने हात धुतल्यासारखं वाटलं.

मॅडमनी विचारलं, "हा घडवला कोणी? त्या जागेचा मणी बदलायचं कोणाला सुचलं?"

सरांनी अर्धा क्षण घेतला. मग आवाजात पितृतुल्य खेद आणून ते म्हणाले, "तसं म्हटलं तर, हे सगळं बाईंचं काम. पूर्णपणे यांचंच. आम्ही यांच्यावर विश्वास ठेवला."

दिवेबाईंना आधी वाटलं, आपल्याला ऐकू चुकीचं आलं. ज्या वाक्यासाठी त्या एकदा सरांच्या दारात उभ्या राहिल्या होत्या, ते वाक्य आज चारचौघांत आलं होतं. आलं होतं ते दिवा विझल्यावर.

मॅडम काठी टेकत त्यांच्या खुर्चीपाशी आल्या. "तुमचा का हा?"

"हो, मॅडम. माझा."

"मग मला एकच सांगा. करपला, की झोपला?"

खोलीत कोणालाच हा प्रश्न कळला नाही. बाईंना कळला. इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारं पहिलं माणूस त्यांच्यापासून हातभर अंतरावर उभं होतं. करपला असेल तर तो दिवा कचऱ्याचा. झोपला असेल, उठत असेल, तर त्याच्यासारखी वस्तू नाही. गर्दीतला हवा तो एकच दिवा लावावा, बाकीचे झोपवून ठेवावेत, आणि जे कोणी बघितलं नाही ते बघावं.

तेवढ्यात सरांना काहीतरी आठवलं. बुडणाऱ्याला आठवतं तसं. "बाई, तुम्ही मला मागे म्हणाला होतात ना? झोपतो, उठतो, असं काहीतरी?"

दिवेबाईंनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"असं काही बोलणं झालं होतं? मला आठवत नाही, सर."

हे वाक्य त्यांनी भांडी घासताना म्हणून बघितलं होतं, रस्ता ओलांडताना म्हणून बघितलं होतं, आंघोळ करताना पाण्याचा आवाज मोठा करून म्हणून बघितलं होतं. प्रत्यक्षात ते त्याहून छान जमलं.

"त्यांचं राहू द्या," मॅडम म्हणाल्या. त्यांची नजर बाईंच्या कपाळावर होती. "तुम्ही सांगा. तुम्ही बघितलाय का कधी उठताना?"

बाईंचा हात खिशात गेला. टॉर्च अंगच्या उबेने कोमट झाली होती. आता सगळं सरळ होतं. टॉर्च काढायची, बशीवर धरायची. दिवा बाईंचा आहे, हे सरांनी स्वतःच्या तोंडाने चारजणांसमोर सांगून ठेवलं होतं; ते परत कसं घेणार? पण पडदा पुन्हा हिरवा झाला, की पहिला सुटकेचा श्वास सरांचा असणार होता. टाळी त्यांच्या पाठीवर पडणार होती. केंद्र मिळणार होतं, इमारत होणार होती, आणि इमारतीच्या पायरीवर उभे राहून ते म्हणणार होते, आम्ही. बाईंनी मान वळवली. पडद्याच्या काळपट उजेडात सरांच्या कपाळावरचा घाम दिसत होता. तो थेंब भुवईपर्यंत आला होता, आणि बाईंना तो खाली पडलेला बघायचा होता.

"नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. "उठत नाही. करपतो."

थेंब पडला.

---

जिन्यापाशी मॅडमनी त्यांना थांबवलं. बाकीची मंडळी पुढे गेली होती.

"माझ्याकडे एक आहे झोपणारा-उठणारा," त्या म्हणाल्या. "पण मंद आहे. तुमच्याचा पहिला क्षण बघितला मी. तसा उजेड मी कुठे बघितला नाही. हा उठत असता ना, तर आज तुम्हाला इथून माझ्याबरोबर नेलं असतं. सामानासकट." त्या स्वतःशीच हसल्या. "असो. त्या जागी हात घालायचं तुम्हाला सुचलं, हेही पुष्कळ झालं."

टॉर्च खिशातच होती. बोलायला अजून जिन्याच्या सात-आठ पायऱ्यांइतका वेळ होता. पण बाईंच्या धंद्यात एक नियम आहे. न बघता 'नाही' म्हटलं तर माणूस चुकला म्हणतात, आणि चुकलेला माणूस उद्या बरोबर ठरू शकतो. बघून 'नाही' म्हटलं, तर त्याला दुसरा शब्द आहे, आणि त्या शब्दाच्या माणसाला कोणी सामानासकट नेत नाही.

"जपून उतरा, मॅडम," बाई म्हणाल्या. "शेवटची पायरी उंच आहे."

सरांनी त्यांना लगेच बोलावणं धाडलं. खोलीत युवराज नव्हता. त्याला आज पहिल्यांदाच दुसरीकडे काम निघालं होतं. सर खुर्चीत खाली सरकून बसले होते.

"केंद्र गेलं," ते म्हणाले. "बाई, ही खोड तुम्ही मला आधी सांगायला हवी होती."

"सांगितली होती, सर."

"कधी?"

"धावत आले होते. तुम्ही भाषण लिहीत होतात. झोपतो म्हटलं. उठतो, हेही म्हटलं."

सर बघत राहिले. मग हळूहळू त्यांची पाठ ताठ झाली. "म्हणजे उठतो?"

"रोज उठतो."

"अहो, मग मघाशी..." सरांचा हात फोनकडे गेला. "अजून फाटकापर्यंत गेल्या नसतील त्या. मी आत्ता..."

"करा ना," बाई म्हणाल्या. त्या दारात उभ्या होत्या, पूर्वी उभ्या होत्या त्याच फरशीवर. "काय सांगाल? बाई खोटं बोलल्या म्हणून? मॅडम विचारतील, तुमच्या प्रयोगशाळेतलं प्रथिन, तुमच्या नावाचा लेख, इतकी वर्षं झाली, आणि तुम्ही त्याला एकदाही झोपलेलं बघितलं नाहीत? काय सांगाल?"

सरांचा हात फोनवर राहिला. खाली गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. मग गाडी गेल्याचा.

"बाई," सर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच 'आम्ही' नव्हतं. "मी बुडालो हे ठीक. पण तुम्ही स्वतःचंही घालवलंत. तुमचा होता ना तो?"

"माझाच होता, सर. तुम्हीच सांगितलंत."

बाईंना वाटलं होतं, या क्षणी फार बरं वाटेल. बरं वाटलंही, पण ते लवकर संपलं. बिस्किटासारखं.

"तो विषय बंद," सर खिडकीकडे बघत म्हणाले. "बशा, नळ्या, फ्रीझरमधला साठा, काय असेल ते टाकून द्या."

"सांगितलं तेवढं करते, सर."

---

खोलीत येऊन त्यांनी दाराचा पडदा ओढून घेतला. फ्रीझरमधला डबा आणला आणि जंतुनाशकाच्या बादलीत एकेक नळी सोडली. बर्फ तडकल्याचा बारीक आवाज होई आणि नळी तळाला जाई. बशी त्यांनी शेवटी ठेवली होती.

ती पुन्हा सूक्ष्मदर्शकावर ठेवून त्यांनी निळा उजेड लावला, अगदी मंद. पडद्यावर अंधार. मग खिशातून टॉर्च काढली आणि बशीवर धरली.

उठले. आधी एक, मग त्याच्या शेजारचा, मग सगळा गाव. धाग्यांवरून कण चालले होते, आपापल्या कामाला, काहीच झालं नसल्यासारखे. बाई हनुवटी हातावर टेकून बघत बसल्या. मग त्यांनी बटण पूर्ण फिरवलं आणि झोपाळूला झोपू दिलं. झोपल्यावरच बशी बादलीत सोडली. जागा असताना त्यांच्याने ते झालं नसतं.

घरी सासूबाई दारातच होत्या.

"विसरलीस का मीठ?"

"विसरले, आई."

"तोंड बघितलंस त्याचं?"

"बघितलं. घाम फुटला होता."

सासूबाईंनी समाधानाने मान हलवली. मग सुनेकडे नीट बघितलं आणि त्यांची मान थांबली. "आणि तू? जेवलीस ना तेच?"

दिवेबाईंनी चपला कोपऱ्यात नीट लावून ठेवल्या. एक सरळ होती, ती उगाच पुन्हा सरळ केली. सासूबाईंनी आत जाऊन पाण्याचा तांब्या भरून आणला आणि सुनेच्या हातात दिला.

नवरा दुकान बंद करून मागोमाग आलाच. "अगं, टॉर्च दे बाई. आज दोन गिऱ्हाइकांच्या नोटा अशाच अंदाजाने घेतल्या."

बाईंनी पर्समधून टॉर्च काढून दिली. त्याने बटण दाबून तिचा उजेड एका नोटेवर धरला. नोटेतला धागा हिरवा उजळला.

"चालू आहे की," तो म्हणाला. "मला वाटलं, रोज नेतेस, संपली असेल."

"नाही," बाई म्हणाल्या. "चांगली आहे. उद्यापासून दुकानातच राहू द्या."